बाळाच्या डोक्यातले तूप

काही महिन्यांपूर्वी आम्ही ओळखीच्या एका घरी अकीक्याला गेलो होतो. बाळाचे जावळ काढून झाले होते, केसांच्या वजनाइतक्या चांदीची रक्कम सदक्यासाठी बाजूला ठेवली होती, स्वयंपाकघरातून बिर्याणीचा दरवळ येत होता. पण खुशीच्या दिवशी घरात जी गडबड असते ती नव्हती. बाळाची आई आतल्या खोलीत एका फाइलवर हात ठेवून गप्प बसली होती. शेजारी नानीच्या मांडीवर बाळाची थोरली बहीण होती. वय तीन वर्षे. घरात सगळ्यांचे केस काळेभोर, हिचे मात्र भुरे. नजर एका जागी ठरत नव्हती. ती अजून चालत नाही, 'अम्मी' म्हणत नाही.

तीन वर्षांत या मुलीसाठी घरच्यांनी काय केले नाही? बदाम उगाळून चाटवले, घरचे तूप घातले, नजर उतरवली, दम केलेले पाणी पाजले. ज्या दवाखान्यात जात होते तिथे 'काही मुले उशिरा बोलतात, घाबरू नका' एवढेच सांगितले जाई. दुसऱ्या बाळंतपणाचा सातवा महिना चालू असताना एका बालरोगतज्ज्ञांनी मुलीचे रक्त तपासायला पाठवले आणि आजाराला नाव मिळाले. फेनिलकीटोन्युरिया. डॉक्टर त्याला थोडक्यात पीकेयू म्हणतात. त्यांनीच बजावले होते की, येणारे बाळ दोन दिवसांचे झाले की त्याच्या टाचेचे रक्त तपासा. तो रिपोर्ट अकीक्याच्या आदल्या संध्याकाळी आला होता. बाळालाही तोच आजार होता.

नानीने आम्हाला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "मला एवढंच सांगा. मेंदू चरबीचा असतो म्हणतात ना? मग मी या पोरीला वाटी-वाटी तूप घातलं, बदाम घातले. ते सगळं गेलं कुठे?"

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. या महिन्याचे सदर त्या उत्तरासाठी.

नानीचे काय बरोबर, काय चूक

नानीचे अर्धे म्हणणे अगदी बरोबर आहे. मेंदूतले पाणी काढून टाकले तर जे उरते त्यात निम्म्याहून अधिक भाग चरबीचाच असतो. मेंदूतून निघणाऱ्या संदेशांच्या तारा असतात. विजेच्या तारेवर जसे वेष्टण, तसे या तारांवर चरबीचे एक पांढरे वेष्टण गुंडाळलेले असते. त्याला मायलिन म्हणतात. वाळवलेल्या मायलिनचा शंभरातला सत्तर ते ऐंशी भाग चरबी असतो आणि त्यात कोलेस्टेरॉलचा वाटा मोठा असतो. वेष्टण चांगले असले की संदेश वेगाने धावतो. वेष्टण नसेल तर तो रेंगाळतो, वाटेतच विरतो.

बाळ जन्माला येते तेव्हा यातले बरेचसे वेष्टण अजून बनायचे असते. काम पोटातच सुरू झालेले असते, पण त्याचा खरा जोर जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत असतो. बाळ मान धरते, पालथे पडते, बसते, पहिले पाऊल टाकते, पहिला शब्द बोलते. आपण या गोष्टींचे कौतुक करत असतो तेव्हा आत तारांवर थर चढत असतात. पुढे विशी ओलांडेपर्यंत हे काम हळूहळू चालूच राहते, पण पाया त्या दोन वर्षांतच घातला जातो.

आता नानीचे उरलेले अर्धे. तोंडाने खाल्लेले तूप तसेच्या तसे मेंदूत जाऊन बसत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक पहारा ठेवला आहे. काही मेदाम्ले त्या पहाऱ्यातून आत जातात, पण रक्तातले कोलेस्टेरॉल जवळजवळ आत शिरत नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शंभरात दोनच, तरी अंगातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो आणि तो मेंदू स्वतःच बनवतो. म्हणजे मेंदूचे तूप मेंदूच्याच चुलीवर कढते. बाहेरून डबे आणून ते भरता येत नाही. ती चूल मंदावली तर नानीने घातलेले तूप मुलीच्या अंगाला लागेल, मेंदूच्या तारांना नाही.

मग या मुलीच्या मेंदूतली चूल कशाने मंदावली? कशाच्या कमतरतेने नाही. एका गोष्टीच्या अतिरेकाने. आणि ती गोष्ट आईच्या दुधात, डाळीत, अंड्यात, मटणात, गव्हाच्या चपातीतही असते.

मोरी तुंबते, नळ चालूच असतो

आपण खातो ती प्रथिने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळांची बनलेली असतात. त्यातल्या एका मण्याचे नाव फेनिलअ‍ॅलॅनिन. कोणतेही प्रथिन घ्या, शंभर भागांत साधारण पाच भाग हे असते. शरीराला ते हवेच असते, पण थोडे. उरलेले यकृतात जाते. तिथला एक एन्झाइम त्याचे टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करतो. पुढे त्यातूनच केसांचा आणि डोळ्यांचा काळा रंग बनतो, मेंदूला लागणारी काही रसायनेही बनतात.

पीकेयूच्या बाळात हा एन्झाइम जन्मतःच काम करत नाही किंवा फारच कमी करतो. प्रत्येक घोटाबरोबर फेनिलअ‍ॅलॅनिन येते, जाण्याची वाट मात्र बंद. मोरी तुंबलेली आणि वरून नळ चालू, अशी गत. निरोगी माणसाच्या एक डेसिलिटर रक्तात ते दोन मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. आजार तीव्र असेल आणि उपचार नसतील, तर ते वीस मिलिग्रॅमच्या वर जाते. दहा पटींहून अधिक.

बाळ पोटात असते तोवर हा जादा साठा वारेतून आईकडे जातो आणि आईचे यकृत तो निस्तरते. म्हणून बाळ जन्मते तेव्हा गोरेगोमटे, धडधाकट दिसते. बिघाड सुरू होतो तो पहिल्या दुधापासून, तोही आवाज न करता. ताप नाही, आकडी नाही, रडारड नाही. चार-सहा महिन्यांनी लक्षात येते की बाळ मान उशिरा धरते आहे, हसत नाही, केस भुरे पडत आहेत, लघवीला आणि अंगाला ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो आहे. तोवर मेंदूच्या बांधकामाचे मोलाचे महिने निघून गेलेले असतात.

जादा मणी आत जाऊन काय करतो

फेनिलअ‍ॅलॅनिन वाढल्याने चरबीचे काम का बिघडते, याचा शोध शास्त्रज्ञ अनेक वर्षे घेत आहेत. हे नुकसान एकाच वाटेने होत नाही.

पहिली वाट दाराची. मेंदूच्या पहाऱ्यावर अमिनो आम्लांसाठी एक दार आहे. फेनिलअ‍ॅलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन अशी मंडळी त्याच एका दाराने आत जातात. रक्तात फेनिलअ‍ॅलॅनिनची झुंबड उडाली की दार तेच अडवून बसते. बाकीच्यांना आत जायला जागा उरत नाही. मायलिन बांधायला चरबीबरोबर प्रथिनेही लागतात. त्यांचे सामान दाराबाहेरच अडकते.

दुसरी वाट चुलीची. मेंदूत कोलेस्टेरॉल बनते ते एकामागून एक अशा अनेक पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम काम करतो. पीकेयू असलेल्या उंदरांच्या मेंदूत यातल्या एका मुख्य पायरीचा एन्झाइम मंद पडलेला आढळला. साचलेल्या फेनिलअ‍ॅलॅनिनपासून फेनिलपायरुव्हिक आम्ल नावाचा आणखी एक पदार्थ बनतो. तोही चरबी बनवण्याच्या कामात अडथळा आणतो, असे वाढत्या वयातल्या उंदरांच्या मेंदूवरील प्रयोगांत दिसले आहे. वाढते वय हे शब्द महत्त्वाचे आहेत. भिंत पूर्ण झाल्यावर गवंड्याने सुट्टी घेतली तर फार बिघडत नाही. पाया भरताना घेतली तर पुढचे सगळे कच्चे राहते.

तिसरी वाट झिजेची. बनलेले मायलिनही अशा मेंदूत नीट टिकत नाही, लवकर झिजते. उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली तेव्हा मायलिन कमी भरले, आणि त्यातली नेहमीची चरबीही कमी होती. आज एमआरआयमध्ये अशा रुग्णांच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागात बदल दिसतात. काही महिने पथ्य कडक पाळले की ते बदल बऱ्याच जणांत कमी होतात. यावरून दोन गोष्टी कळतात. दोष खरोखर त्या जादा साठ्याचा आहे, आणि साठा उतरवण्याचा फायदा कोणत्याही वयात थोडाफार होतोच.

इथे एक खुलासा केला पाहिजे. हे वाचून कोणी आपल्या निरोगी मुलाची डाळ, अंडी किंवा दूध बंद करू नये. ज्याचे यकृत शाबूत आहे त्या मुलाला रोजच्या जेवणातली प्रथिने हवीच असतात, आणि त्यातले जादा फेनिलअ‍ॅलॅनिन त्याचे शरीर सहज निस्तरते. हा आजार जास्त खाल्ल्याने होत नाही.

दोन आया

या आजाराचा इतिहास आम्हाला फार जवळचा वाटतो, कारण तो आयांच्या हट्टाने घडला आहे.

नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलँड यांना दोन मुले होती. दोन्ही जन्मतः ठीक, पुढे दोन्ही मतिमंद. मुलांच्या लघवीला एक विचित्र वास येत असे. त्या डॉक्टरांमागून डॉक्टरांकडे जात राहिल्या आणि त्या वासाबद्दल विचारत राहिल्या. कोणी मनावर घेतले नाही. अखेर १९३४ साली अस्ब्यर्न फोलिंग या डॉक्टरांनी मुलांची लघवी तपासायला घेतली आणि तिच्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. मधुमेहाच्या रुग्णांसाठी तेव्हा ही नेहमीची चाचणी होती. रंग तांबूस येईल अशी अपेक्षा असताना लघवी हिरवी झाली. आईने आणखी कितीतरी लिटर लघवी जमवून दिली, फोलिंग यांनी तिच्यातून फेनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे काढले आणि आजार ओळखला गेला. एगेलँड यांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा उपचारच नव्हता.

तो आला पुढे सतरा-अठरा वर्षांनी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात. तिथे शीला नावाची दीड-दोन वर्षांची मुलगी होती. निदान झाले होते, उपाय कोणाला ठाऊक नव्हता. तिची आई रोज सकाळी होर्स्ट बिकेल या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेबाहेर येऊन थांबे आणि विचारी, "माझ्या मुलीसाठी काय करणार आहात?" बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवटी दुधातल्या प्रथिनातून फेनिलअ‍ॅलॅनिन गाळून काढून एक खास आहार बनवला. तो सुरू केल्यावर काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, नजरेला नजर देऊ लागली, केसही काळवंडले. खात्री करून घेण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या आहारात फेनिलअ‍ॅलॅनिन परत मिसळले. मुलगी लगेच खालावली. वगळल्यावर पुन्हा सुधारली. हा अहवाल १९५३ साली छापून आला आणि मतिमंदत्वाचे एक कारण केवळ आहाराने रोखता येते हे जगाला कळले.

पण शीलाचा उपचार सुरू झाला तेव्हा ती दीड-दोन वर्षांची होती. गेलेले महिने परत आले नाहीत. तेव्हाच प्रश्न उभा राहिला: पहिल्या आठवड्यात, बाळ धडधाकट दिसत असताना, आजार ओळखायचा कसा? हे काम अमेरिकेतले रॉबर्ट गथ्री यांनी केले. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि त्यांच्या घराण्यातल्या एका भाचीला पीकेयू होता. बाळाच्या टाचेला टोचून गाळण कागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे, कागद वाळवायचा आणि टपालानेही पाठवता येईल असा करून तपासायचा. १९६३ साली त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. आज जगातल्या अनेक देशांत प्रत्येक बाळाच्या टाचेचे रक्त असे तपासले जाते. ज्याचा उपचार पहिल्या आठ-दहा दिवसांत सुरू होतो आणि पुढे नीट चालतो, ते बाळ शाळेत जाते, शिकते, कमावते.

मेथीच्या लाडवांचा वास

याच जातीचा आणखी एक आजार आहे. त्यात ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले साचतात. मायलिनचे नुकसान त्यातही होते, पण हा आजार गपचूप येत नाही. पहिल्या आठवड्यातच बाळ दूध ओढेनासे होते, सुस्त पडते, अंग ताठ करते आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावते. त्याच्या लघवीला जळक्या साखरेसारखा गोड वास येतो. परदेशात मेपल झाडाच्या पाकाशी त्याची तुलना करून आजाराला तेच नाव दिले गेले.

हे आमच्या भगिनींना मुद्दाम सांगतो, कारण हा वास मेथीच्या वासाशी अगदी जुळतो. दोन्हींत एकच सुगंधी पदार्थ असतो. बाळंतपणाच्या सुमारास आईने मेथी भरपूर खाल्ली तर निरोगी बाळाच्या अंगालाही तसा वास येऊ शकतो. तेव्हा नुसत्या वासाने घाबरून जाऊ नये. पण वास आहे आणि बाळ दूध पीत नाही, मलूल पडले आहे, तर 'मेथीचा असेल' म्हणून घरी थांबू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे आणि वासाची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दोष कोणाचा

अकीक्याच्या त्या घरी कोणी उघड बोलत नव्हते, पण बाळाच्या आईला सगळे ऐकू येत होते. 'हिच्या दुधातच काहीतरी आहे.' 'ग्रहणात बाहेर फिरली असेल.' 'हिच्या माहेरचा दोष.'

विज्ञान काय सांगते ते पाहू. प्रत्येक माणसाला प्रत्येक गुण दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल तर माणूस ठणठणीत राहतो. त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. बाळाला आजार होतो तो दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याच वाट्याला आल्या तर. म्हणजे निम्मे आईकडून, निम्मे बापाकडून. एकट्या आईच्या माथी मारण्यासारखे यात काही नाही. असे आई-बाप असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक असते. पहिल्या मुलाला झाला म्हणून दुसरे सुटेल, असा हिशेब नसतो.

आता जरा अवघड गोष्ट. त्या घरातले नवरा-बायको सख्खे चुलत भाऊ-बहीण आहेत. नात्यातली लग्ने आपल्याकडे होतात, महाराष्ट्रातल्या इतर समाजांतही मामेबहीण-आतेभावाची होतात. सख्ख्या चुलत, मावस किंवा मामे भावंडांत आठवा हिस्सा वारसा समान असतो. हिशेब करून पाहा. समजा, पन्नासात एका माणसाकडे ही बिघडलेली प्रत आहे. युरोपात पीकेयूचे प्रमाण जवळपास असेच आहे. नाते नसलेल्या जोडप्यात बाळाला आजार होण्याची शक्यता दहा हजारांत एक येते. सख्ख्या चुलत भावंडांच्या जोडप्यात ती साधारण सोळाशेत एक होते. म्हणजे सहापट. तरीही हे लक्षात ठेवावे की नात्यात लग्न केलेल्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच असतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या मोठ्या अभ्यासात जन्मजात व्यंगांचे प्रमाण शंभरात तीनवरून सहावर गेलेले आढळले. दुप्पट, पण शंभरातली चौऱ्याण्णव बाळे ठीक.

आमचे म्हणणे इतकेच. नात्यातले लग्न जायज आहे, फर्ज नाही. घराण्यात एखादे मूल मतिमंद असेल, बाळे पहिल्या आठवड्यात दगावली असतील, तर स्थळ ठरवण्याआधी ही गोष्ट झाकून ठेवू नये. जनुकतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. आणि लग्न आधीच झाले असेल तर पश्चात्ताप करत बसू नये, बाळाची तपासणी करून घ्यावी.

ताटातले हिशेब

उपचार म्हणजे गोळी नाही, ताट आहे. पीकेयूच्या मुलाला दिवसभरात साधारण दोनशे ते पाचशे मिलिग्रॅमच फेनिलअ‍ॅलॅनिन चालते. कच्ची डाळ मूठभर, तीस ग्रॅम घेतली तर तिच्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. एका अंड्यात तीनशे. म्हणजे वाटीभर वरणातच दिवसाचा कोटा संपला. मटण, मासे, अंडी, डाळी, शेंगदाणे, पनीर बंद. चपाती, भात मोजून. भाज्या, फळे, साखर, तेल-तूप चालते. साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात, म्हणून दाण्याच्या कुटाशिवाय केलेली त्याची खिचडी अशा घरात फार कामी येते. वाढीला लागणारी बाकीची अमिनो आम्ले फेनिलअ‍ॅलॅनिन वगळून बनवलेल्या खास पावडरीतून द्यावी लागतात. तान्ह्या बाळाला त्या पावडरीबरोबर आईचे दूधही मोजून देता येते, कारण गायीच्या दुधापेक्षा आईच्या दुधात हे अमिनो आम्ल कमी असते. आईचे दूध विष आहे असे कोणी म्हणाले तर त्याला हे ऐकवावे. शुगर फ्री म्हणून मिळणाऱ्या पदार्थांतला अ‍ॅस्पार्टेम मात्र या मुलांना वर्ज्य, कारण त्यातून फेनिलअ‍ॅलॅनिनच बनते.

हे पथ्य आयुष्यभराचे आहे. मुलींच्या बाबतीत तर त्याला दुहेरी अर्थ आहे. पीकेयू असलेली मुलगी मोठी होऊन आई होणार असेल आणि तिच्या रक्तात साठा वाढलेला असेल, तर पोटातल्या बाळाला स्वतःला आजार नसूनही त्याचे डोके लहान राहू शकते, हृदयात दोष येऊ शकतो. म्हणून दिवस राहण्याआधीपासूनच पथ्य कडक हवे. अशा मुलीचा आजार लपवून लग्न लावले तर फसवणूक सासरची होते, आणि नुकसान तिच्याच बाळाचे.

आपण काय करावे

गोव्यात २००८ साली सरकारने नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात मात्र प्रत्येक बाळाची ही तपासणी आपसूक होईल असे गृहीत धरू नका. ती मागावी लागते. सातव्या-आठव्या महिन्यात नाव नोंदवलेल्या रुग्णालयात विचारून ठेवावे, "टाचेच्या रक्ताची तपासणी इथे होते का? नसेल तर नमुना कुठे पाठवता?" रक्त जन्मानंतर ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेतलेले चांगले, कारण तोवर बाळाच्या पोटात दूध गेलेले असते. त्याआधी घरी सोडले तर तपासणीसाठी परत जावे. आमची एक साधी सूचना आहे. अकीक्याच्या तयारीची यादी करता ना, त्या यादीत बोकड आणि चांदी यांच्या वर टाचेचा रिपोर्ट लिहा. सातवा दिवस येईपर्यंत तो हातात यावा.

याच थेंबांतून थायरॉईडची जन्मजात उणीवही कळते. ती आपल्याकडे पीकेयूपेक्षा पुष्कळ जास्त आढळते, तीही वेळेवर न कळल्यास बाळाची बुद्धी खुंटवते आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने आवरते. नुसत्या तिच्यासाठीसुद्धा ही तपासणी करावी.

खास पावडर महाग असते हे खरे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश आहे, आणि त्या धोरणाखालच्या मोठ्या केंद्रांमध्ये मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. निदान झालेल्या कुटुंबाने तिथे जरूर चौकशी करावी. ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांनी जकात-सदक्याचा हिशेब करताना अशा एखाद्या मुलाच्या डब्याची आठवण ठेवावी.

मागच्या आठवड्यात आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. नवव्या दिवसापासून पथ्यावर असलेले ते बाळ आता दहा महिन्यांचे झाले आहे. केस काळे आहेत. भिंतीला धरून उभे राहते, चमचा आपटून हसते. थोरली बहीणही पथ्यावर आहे. तिची चिडचिड कमी झाली आहे, रात्री झोपते, हाक मारली की मान वळवते. शाळेच्या बाबतीत डॉक्टरांनी आशा दाखवलेली नाही. एकच आई, एकच बाप, एकच आजार. दोघांत फरक पडला तो तारखेने.

निघताना आम्ही नानीला तिच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले. तूप गेले कुठे नाही, मेंदूच्या आतली चूलच विझत होती, आणि ते तुम्हाला कळण्याजोगे नव्हते. नानी बराच वेळ नातीच्या भुऱ्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "माझ्या धाकट्या सुनेला आठवा लागलाय. तो कागद कुठे मिळतो, थेंब घ्यायचा? आजच सांगून ठेवा."